इंद्रलोकला एक हिमालय हवा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावातल्या ओल्ड कोर्सवर रविवारी गोल्फ खेळत नाहीत. मोठी स्पर्धा असली तर गोष्ट वेगळी, एरवी रविवारी ते मैदान गावकऱ्यांचं असतं. लोक कुत्री घेऊन फिरायला येतात, पोरं उंचवट्यांवरून धावत सुटतात, पाहुणे स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर उभे राहून फोटो काढून घेतात. जगातलं सर्वांत मानाचं गोल्फचं मैदान आठवड्यातला एक दिवस सार्वजनिक बाग होतं. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की उंच कुंपण, फाटकावरचा वॉचमन आणि सभासदत्वाची रांग डोळ्यांसमोर येते, म्हणून ही गोष्ट मला पहिल्यांदा सांगावीशी वाटते.

ती जमीन मुळातच गावाची. १५५२ साली तिथल्या आर्चबिशप हॅमिल्टननं एका सनदेत लिहून ठेवलं की या वाळूच्या पट्ट्यावर गोल्फ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क अबाधित राहील. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं, १४५७ मध्ये, स्कॉटलंडच्या राजानं याच खेळावर बंदी घातली होती, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे लागली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस गावाची तिजोरी आटली आणि जमीन सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी बिळं पाडून मैदानाची चाळण केली. गोल्फ खेळणारे विरुद्ध ससेवाले असा तंटा वर्षानुवर्षं चालला. शेवटी १८२१ साली जेम्स चीप या जमीनदारानं ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला, १८९४ मध्ये गावानं ती परत मिळवली, आणि १९७४ पासून कायद्यानं स्थापन झालेला एक न्यास तिचा कारभार पाहतो. आजही तिथे खेळायला मिळावं म्हणून बाहेरच्या माणसाला चिठ्ठीत नाव घालता येतं. नशीब असेल तर नाव निघतं.

आता त्या जमिनीकडे वळू. समुद्र आणि शेती यांच्यामध्ये पडून राहिलेल्या अशा वालुकामय पट्ट्यावरच्या मैदानाला 'लिंक्स' म्हणतात. हिमयुग सरल्यावर समुद्र मागे हटला, मागे वाळू उरली. वाऱ्यानं तिचे ढीग रचले, गवतानं ते बांधून ठेवले. तिथे नांगर चालत नव्हता, म्हणून मेंढ्या चरायला सोडल्या. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा शोधत एखाद्या उतारापाशी अंग खुपसून बसायच्या, तिथलं गवत झिजून वाळू उघडी पडायची. तेच पुढे बंकर झाले, असं मानतात. ओल्ड कोर्सवर असे शंभराहून अधिक बंकर आहेत. मैदानाचा आराखडा कुणा एका वास्तुविशारदानं बसून काढलेला नाही. वाऱ्यानं, मेंढ्यांनी आणि खेळणाऱ्यांच्या पायांनी तो काढला. अठरा होल हा आकडासुद्धा तिथलाच: १७६४ पर्यंत एका फेरीत बावीस होल खेळत, मग काही छोटे होल एकत्र केले आणि अठरा उरले. साऱ्या जगानं तोच आकडा उचलला.

अशा मैदानावर सपाट जागा शोधून सापडत नाही. फेअरवेच्या मधोमध मारलेला सरळ चेंडू एखाद्या टेंगळावर आपटून बाजूच्या खळग्यात जातो, आणि वाकडा गेलेला चेंडू उतारावरून घरंगळत ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, येऊन बसतो. अमेरिकेचा बॉबी जोन्स १९२१ साली तिथे पहिल्यांदा खेळला तेव्हा इतका वैतागला की अकराव्या होलवरच्या बंकरमध्ये अडकल्यावर त्यानं फेरीच सोडून दिली. हाच जोन्स पुढे त्या मैदानावर जीव ओवाळू लागला. १९२७ मध्ये तो तिथे ब्रिटिश ओपन जिंकला, १९५८ मध्ये गावानं त्याला आपलं मानद नागरिकत्व दिलं. मला या बदलाचं नवल वाटत नाही. उंचसखल जमीन पहिल्या भेटीत अन्याय करते असंच वाटतं. ती पुन्हा पुन्हा तुडवली की कळायला लागतं, कुठला उतार चेंडू कुठे नेतो. मग तेच उतार कामाला येतात.

प्रेस्टविक नावाचं आणखी एक मैदान स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. पहिली ब्रिटिश ओपन स्पर्धा १८६० साली तिथे झाली. खेळणारे आठच होते. बारा होलचं मैदान एका दिवसात तीनदा फिरायचं होतं. तिथल्या पाचव्या होलचं नाव 'हिमालय'. मध्ये वाळूची मोठी टेकडी उभी, पलीकडचं ग्रीन दिसतच नाही. टेकडीवर रंगीत खुणा लावल्या आहेत, त्यांच्या रोखानं चेंडू मारायचा आणि पलीकडे जाऊन पाहायचं. खेळून झालं की घंटा वाजवायची, म्हणजे मागच्यांना कळतं की आता मारायला हरकत नाही. हल्लीच्या पुष्कळ जाणत्यांना न दिसणाऱ्या ग्रीनवर खेळणं हा दोष वाटतो. मला ते या खेळाचं वैभव वाटतं. टेकडीमागे काय झालं असेल या उत्सुकतेनं चालण्यात जी मजा आहे, ती डोळ्यांपुढे पसरलेल्या ग्रीनवर नाही.

खरं लिंक्स आपल्याकडे नाही. कोकणात समुद्र आहे, पुळण आहे, सुरूची बनं आहेत, पण जांभा आहे आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. पाऊस वाळूत झिरपून जातो, आपल्या मातीत तो साठतो. आपल्याला उंचसखल गोल्फचा अनुभव मिळतो तो डोंगरात. मी भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहतो. तिथून घोडबंदर रस्त्यानं ठाणे ओलांडून खारघरला गेलं की डोंगरांच्या कुशीत सिडकोनं उभं केलेलं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे. पैसे भरून कोणालाही तिथे खेळता येतं, हा त्याचा माझ्या लेखी सर्वांत मोठा गुण. दोन्ही अंगांना डोंगर आणि मध्ये दरी. सेंट अँड्र्यूजचे चढउतार वाऱ्यानं घडवले, इथले पाण्यानं. तिथे छोटी छोटी टेंगळं आहेत, इथे लांबच लांब उतार. पण पायाखालचा प्रश्न तोच आहे: सपाटीवर उभं राहायला मिळत नाही.

तिथे खेळताना एका उतारावर माझा चेंडू पावलांपेक्षा वीतभर उंचावर थांबला होता. क्लबांची पिशवी वाहणारा कॅडी जवळ आला, चेंडूकडे नाही, माझ्या बुटांकडे पाहून म्हणाला, "साहेब, उजवीकडं लावा. क्लब थोडा खाली धरा. हा डावीकडं पळणार." तो अगदी बरोबर सांगत होता. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू पावलांच्या वर असला की क्लबचा झोका आडवा होतो आणि चेंडू डावीकडे वळतो. पावलांच्या खाली असला की उजवीकडे जातो. चढावर उभं राहून मारलं तर चेंडू उंच उडतो आणि अलीकडे पडतो. उतारावरून मारलं तर बुटका जातो आणि पडल्यावर लांब धावतो. उपाय ऐकायला सोपा: खांदे उताराला समांतर ठेवायचे आणि डोंगराशी भांडायचं नाही. ग्रीन दहा यार्ड उंचावर असेल तर एक क्लब जास्त घ्यायचा, खाली असेल तर एक कमी. त्यात दरीतला वारा मिसळला की हे सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागतात. झेंडा एकीकडे फडफडत असतो आणि आपल्या कानाशी वारा दुसरीकडून येतो. अशा वेळी मी डोंगरमाथ्यावरच्या गवताकडे पाहतो, कारण उंच उडालेला चेंडू तिथल्या वाऱ्यात सापडणार असतो.

ग्रीनवर पोचल्यावर मात्र ताकदीचं काम संपतं आणि नजरेचं सुरू होतं. उतार कसा ओळखायचा हे नव्या माणसाला सांगायचं तर मी सांगतो, इथे बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठे वाहत जाईल ते बघ. चेंडूही तिकडेच ओढला जातो, आणि जितका हळू तितका जास्त. खाली बसून, होलच्या मागे जाऊन, बाजूनं, असं तीन ठिकाणांहून पाहायला हवं. डोंगराजवळच्या ग्रीनवर डोळा फसतो. मागचा डोंगर इतका उंच असतो की त्याच्यापुढे चढ सपाट दिसतो आणि सपाट जागा उताराची वाटते. शिवाय गवताचा कल असतो. आपल्याकडच्या मैदानांवर ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात ती आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिची पाती एका दिशेला झुकून वाढतात. ज्या बाजूनं ग्रीन चकचकीत दिसतं त्या बाजूनं पट केला, म्हणजे चेंडू हलकेच ढकलला, तर चेंडू पात्यांबरोबर सुसाट जातो. काळपट दिसतं तिथून पात्यांच्या विरुद्ध जाताना अडखळतो. स्कॉटलंडच्या फेस्क्यू गवतावर ही भानगड फारशी नसते. घरी आरतीच्या ताटात ठेवलेल्या दूर्वेचे तीन दळ आणि पायाखालचं ग्रीन एकाच वनस्पतीचे आहेत, हे कळल्यापासून मला त्या गवताबद्दल अधिकच आपुलकी वाटते.

मुंबईला हा खेळ काही कालपरवा आलेला नाही. कोलकात्यात १८२९ साली क्लब निघाला, तो ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये निघाला. पुढे विलिंग्डन आलं, १९२७ मध्ये चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे गोल्फ खेळला. पण पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही हा खेळ इथे कुंपणाआतच राहिला. कुंपणाबाहेरचं सर्वांत मनोज्ञ उदाहरणही चेंबूरचंच आहे. तिथल्या वस्तीतल्या कॅडींनी लोखंडी सळ्या वाकवून क्लब केले आणि प्लास्टिकच्या चेंडूनं गल्लीबोळांत गोल्फ मांडला. पायऱ्या, गटाराची झाकणं, पत्र्यांची छपरं, नळकोंडाळ्याचा ओटा, हेच त्यांचे बंकर आणि हीच टेंगळं. चेंडू भिंतीवर आपटून कोपऱ्यापलीकडे कसा न्यायचा हे त्या पोरांना जितकं कळतं तितकं हिरवळीवर खेळलेल्या अनेकांना कळत नाही. मेंढपाळांच्या वाळूत जो खेळ जन्मला, तो मला त्या बोळांत अगदी मूळ रूपात दिसतो.

आणि आता इंद्रलोक. आमचा भाग सपाट आहे. भाईंदर खाडीकाठची मिठागरं, खाजणं आणि भराव, त्यावर इमारतींच्या रांगा आणि फेज वन, फेज टू अशी वाढत गेलेली वस्ती. डोंगर पाहायचा तर घोडबंदरकडे नाहीतर पश्चिमेला उत्तनला जायचं. इथे अठरा होलचं मैदान व्हावं असं मी म्हणणार नाही. त्याला निदान शंभर-सव्वाशे एकर जागा लागते, भरपूर पाणी लागतं. उरलीसुरली मिठागरं आणि कांदळवन यांवर हात टाकून गोल्फ आणायचा असेल तर तो न आलेला बरा. पावसाळ्यात खाडी आणि आभाळ एकदम भरतात तेव्हा या सखल जागाच शहराला तारतात.

पण सेंट अँड्र्यूजमध्ये ओल्ड कोर्सच्या शेजारी आणखी एक जागा आहे, तिचंही नाव 'हिमालय'. ती आहे फक्त पटिंगची हिरवळ, गावातल्या बायकांच्या पटिंग क्लबची. हा क्लब १८६७ साली निघाला. त्या काळी बाईनं खांद्याच्या वर क्लब उचलून जोरकस फटका मारणं असभ्य समजत. म्हणून बायकांनी छोट्या अंतराचा खेळ मांडला, आणि त्या काळच्या नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिसनं त्यांना इतकी उंचसखल जागा करून दिली की तिथे सरळ पट नावाची गोष्टच नाही. आजही तिथे काही पौंड देऊन कोणीही पटर आणि चेंडू घेऊन खेळू शकतं. आजीबरोबर नातू खेळतो, आणि पुष्कळदा नातू जिंकतो, कारण तिथे ताकद लागत नाही.

असा हिमालय इंद्रलोकला सहज परवडेल. एखाद्या आरक्षित उद्यानातली अर्धा एकर जागा पुरेल. आपल्या बागांमध्ये आपण कारंजं बसवतो, सिमेंटचे प्राणी उभे करतो, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक घालतो, आणि गवतावर 'चालू नये' अशी पाटी लावतो. त्याऐवजी मातीचे चार-पाच बुटके उंचवटे घालावेत, कुठेही गुडघ्यापेक्षा उंच नकोत, उतार असे की पावसाचं पाणी एका कडेनं निघून जाईल. वर हरळी लावावी. ती आपल्या उन्हात तगते, तुडवली तरी पुन्हा फुटते, फक्त नेमानं कापावी लागते. शिंपायला महापालिकेच्या प्रक्रिया केंद्रातलं सांडपाण्याचं शुद्ध केलेलं पाणी चालेल. नऊ भोकं, नऊ छोटे झेंडे, एका खोलीत पंचवीस-तीस पटर. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बंद ठेवून गवताला विश्रांती द्यावी, बाकी आठ महिने हिरवळ सकाळ-संध्याकाळ उघडी ठेवावी. शुल्क चहाच्या कपाएवढं. शिकवायला मुंबईतले निवृत्त कॅडी बोलवावेत. त्यांच्याइतका उतार वाचणारा दुसरा कुणी नाही, आणि त्यांच्या या विद्येला आजवर पगार कमीच मिळाला आहे. महापालिकेच्या येत्या अर्थसंकल्पात उद्यानांच्या रकान्यात ही एक ओळ घालता येईल, आणि प्रभागाच्या नगरसेवकाकडे ती मागणी आम्ही राहणाऱ्यांनीच नेली पाहिजे.