एक धंदा, अनेक आराखडे

टाटांच्या पोलाद कारखान्याचा प्रस्ताव लंडनच्या भांडवल बाजारात फिरला आणि हात हलवत परत आला. लोखंडाचा साठा सापडलेला होता, अमेरिकी तज्ज्ञांनी पाहणी केलेली होती, तरी तिथल्या धनिकांशी बोलणी जमली नाहीत. मग 1907 मध्ये तोच प्रस्ताव मुंबईत लोकांपुढे ठेवला गेला. स्वदेशीची चळवळ भरात होती. टाटांच्या कचेरीसमोर सकाळपासून रात्रीपर्यंत रीघ लागली आणि तीन आठवड्यांत सुमारे 16 लाख 30 हजार पौंडांचं भांडवल उभं राहिलं. पैसे देणारे सुमारे आठ हजार होते आणि सगळे भारतीय होते.

कारखाना तोच होता, बदलला तो प्रस्ताव वाचणारा. लंडनचा सावकार परतावा आणि धोका तोलत होता. मुंबईचा भागधारक तेही पाहत होता, पण देशात पोलाद तयार व्हावं ही त्याची स्वतःची इच्छा होती.

उद्योगाचा आराखडा म्हटलं की कर्जासाठी केलेली एक जाड फाइल डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात चालत्या कंपनीकडे असे पाच-सहा आराखडे असतात, कारण तिला प्रश्न विचारणारेही पाच-सहा असतात. हा उद्योग मुळात होईल का, कर्ज फिटेल का, लावलेला पैसा कितीपट होईल, या महिन्यात कोणी काय करायचं, पाच-दहा वर्षांत कुठे पोचायचं, आणि सगळं उलटं झालं तर काय? एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या फाइलमध्ये चिकटवलं की गडबड सुरू होते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणारा तो व्यवहार्यता अहवाल. टाटांच्या बाबतीत हे काम पंचवीस वर्षांवर चाललं आणि त्याची सुरुवात विदर्भात झाली. 1882 मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागात, उत्तम लोहखनिज असल्याचं त्यात म्हटलं होतं. जवळच वरोऱ्याला कोळसा होता. पण तपासणीत तो कोळसा पोलादाच्या भट्टीला चालणारा निघाला नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे पुत्र दोराबजी टाटांनी पुन्हा शोध घेतला. नागपूरच्या संग्रहालयात त्यांना मध्य प्रांताचा एक भूगर्भीय नकाशा दिसला, त्यात दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण होती. दल्ली-राजहराच्या डोंगरात खनिज खरोखरच अव्वल निघालं, मात्र आसपास योग्य कोळसा नव्हता आणि पुरेसं पाणीही नव्हतं. तोही बेत बाजूला पडला. 1904 मध्ये भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातल्या साठ्याबद्दल पत्र लिहिलं आणि शोध पूर्वेकडे वळला. शेवटी सुवर्णरेखा आणि खरकाई नद्यांच्या संगमाजवळ साकची इथे जागा ठरली. 16 फेब्रुवारी 1912 रोजी तिथे पोलाद तयार झालं, तेव्हा जमशेटजींना जाऊन आठ वर्षं होत आली होती.

या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोलाचे आहेत ते दोन नकार. चांद्याला नाही, दुर्गला नाही. व्यवहार्यता अहवालाचं खरं काम वेळेवर ‘नाही’ म्हणणं हेच आहे. तो नकार कायमचाही नसतो. दल्ली-राजहराचं तेच खनिज अर्ध्या शतकानंतर सरकारी भिलाई पोलाद कारखान्याच्या कामी आलं.

दुसरा प्रश्न बँकेचा. आज तालुक्याच्या गावी कोणी कर्जासाठी बँकेत गेलं की पहिला प्रश्न येतो, “प्रोजेक्ट रिपोर्ट आणलाय का?” मग कर सल्लागाराकडून तो करून घेतला जातो. मशिनरीची कोटेशनं जोडली जातात, पाच वर्षांचे तक्ते छापले जातात. अनेकदा ज्याचा धंदा त्यानेच ते तक्ते वाचलेले नसतात. हे फार वाईट आहे, कारण त्या तक्त्यांत त्याच्या पुढच्या पाच वर्षांची झोप अडकलेली असते.

सिंधुदुर्गातलं काजू प्रक्रियेचं एक छोटं युनिट नमुन्याला घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. शेड, बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर असा खर्च 18 लाख. त्यात स्वतःचे 4 लाख आणि पाच वर्षांचं मुदत कर्ज 14 लाख. अर्जदाराचं सगळं लक्ष या 18 लाखांवर असतं. पण काजू बी बाजारात येते मुख्यतः मार्च ते मे या काळात. युनिट वर्षभर चालवायचं तर वर्षाची बी याच दिवसांत विकत घेऊन, वाळवून गोदामात भरावी लागते. 40 टन बी, किलोला 120 रुपये, म्हणजे 48 लाख रुपये. यंत्रांच्या अडीचपटीहून जास्त पैसा पोत्यांत अडकतो आणि काजूगर विकला जाईल तसा तो हळूहळू सुटतो. हे खेळतं भांडवल. अहवालात ते कमी दाखवलं की नवी कोरी यंत्रं ऑक्टोबरपासून बंद राहतात, कारण बी संपलेली असते आणि बाहेर ती चढ्या भावाने मिळत असते.

आता हिशेब पुढे नेऊ. साधारण चार किलो बीमागे एक किलो गर धरला तर 10 टन गर मिळेल. अख्खा, पाकळी, तुकडा सगळं मिळून सरासरी किलोला 700 रुपये सुटले तर विक्री 70 लाख. त्यातून बीचे 48 लाख, मजुरी-वीज-पॅकिंगचे 10 लाख, खेळत्या भांडवलावरचं व्याज 2 लाख 40 हजार आणि मालकाच्या घरखर्चाचे 3 लाख वजा केले की उरतात 6 लाख 60 हजार. मुदत कर्जाचा पहिल्या वर्षाचा हप्ता व्याजासह साधारण 4 लाख 30 हजार. प्राप्तिकर बाजूला ठेवला तर देण्याच्या दीडपट पैसा हाताशी आहे. बँकेत या प्रमाणाला डीएससीआर म्हणतात आणि दीडच्या आसपास ते असलं की अधिकाऱ्याची मान डोलते.

पण बीचा भाव 120 ऐवजी 130 झाला आणि गराचा भाव तोच राहिला तर? खर्च 4 लाखांनी वाढला. हातात 2 लाख 60 हजार, द्यायचे 4 लाख 30 हजार. किलोमागे दहा रुपयांनी हप्ता थकला. ज्याने हा तक्ता स्वतः मांडला असेल त्याला एप्रिलच्या खरेदीत कुठे थांबायचं ते ठाऊक असतं. ज्याने तो नुसता सही करून दिला, त्याला ते जप्तीची नोटीस आल्यावर कळतं.

सरकारी योजनांच्या अहवालात आणखी एक जागा लोक चुकवतात. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतच्या प्रकल्पासाठी अर्ज करता येतो आणि प्रवर्गानुसार 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं. ते अनुदान मात्र लगेच खर्चायला हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं ते वेगळं ठेवलं जातं, युनिट चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जात वळतं होतं. त्याच पैशावर पहिल्या वर्षाची बी घ्यायची असा बेत केला असेल तर तो कागदावरच राहणार.

गुंतवणूकदाराची गोष्ट अगदी वेगळी. बँकेला धंदा कितीही वाढला तरी व्याजच मिळणार, म्हणून ती बुडणार नाही ना एवढं पाहते. गुंतवणूकदाराला हिस्सा मिळतो. दहांतले अनेक धंदे बुडतील हे तो धरूनच चालतो आणि उरलेला एखादा किती मोठा होईल ते पाहतो. म्हणून त्याच्यासाठी जाड फाइल नसते, दहा-पंधरा स्लाइड असतात. एअरबीएनबीच्या तरुणांनी 2008 मध्ये अमेरिकी निवडणुकीच्या थीमवरचे न्याहारीच्या सीरिअलचे खोके विकून दिवस काढले. त्यानंतर 2009 मध्ये त्यांना सिकोया कॅपिटलकडून सुमारे 6 लाख डॉलर मिळाले. त्यांच्या सादरीकरणाचा गाभा साधा होता: हॉटेलं महाग, लोकांच्या घरांत जागा रिकामी, दोघांची गाठ घालून देऊ. हार्वर्डचे प्राध्यापक विल्यम सालमन यांनी 1997 मध्येच लिहून ठेवलं होतं की अशा आराखड्यांत आकड्यांची गर्दी फार आणि माणसांविषयीची माहिती फार कमी असते. हा धंदा कोण करणार, त्यांना काय येतं आणि त्यांना कोण ओळखतं, हे त्यांच्या मते आधी यायला हवं.

कंपनीच्या बाहेर कोणी वाचत नाही असाही एक आराखडा असतो: वर्षाचा कामाचा आराखडा. तो पाहायचा तर महाराष्ट्रात साखर कारखान्यासारखी दुसरी जागा नाही. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी गटवार ऊस नोंदणी होते. कोणाच्या शेतात आडसाली, कोणाचा पूर्वहंगामी, कोणाचा सुरू, खोडवा किती, लागणीची तारीख काय, जात कोणती, हे सगळं शेतकी खात्याच्या दप्तरात येतं. त्यावरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. दिवसाला 5 हजार टन गाळप आणि 120 दिवसांचा हंगाम धरला तर 6 लाख टन ऊस लागणार. तेवढा तोडायला टोळ्या किती आणि वाहनं किती, यावरून मुकादमांना उचल द्यायचा आकडा निघतो. साडेअकराचा उतारा देणारा ऊस दहाचा होऊन आत आला, कारण टोळी वेळेवर पोचली नाही, तर तो फरक थेट साखरेच्या पोत्यांत दिसतो.

पैशाची गाठ इथेही काजूसारखीच आहे. कायद्याने उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, 14 दिवसांत द्यायची. साखर मात्र केंद्राने ठरवून दिलेल्या मासिक कोट्यानुसार वर्षभर विकायची. मधलं अंतर मालतारण कर्जाने भरून काढावं लागतं. कारखान्याचा वार्षिक आराखडा म्हणजे मुख्यतः या अंतराचा महिन्यावार हिशेब. तो बिघडला की थकीत बिलांसाठी शेतकरी रस्त्यावर येतो.

पाच-दहा वर्षांची दिशा सांगणारा आराखडा वेगळा, आणि तो फसला तर महागात पडतो. टाटा मोटर्सने नॅनोची आखणी किमतीपासून उलटी केली. आधी एक लाख रुपये ठरले, मग त्यात बसेल असा एकेक भाग. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही मोठीच झेप होती. जानेवारी 2008 मध्ये गाडी लोकांसमोर आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचा कारखाना पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातमधल्या साणंदला हलवायचं ठरलं. कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती, विक्री सर्वांत चांगल्या वर्षातही 75 हजारांच्या आतच राहिली. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ अशी ओळख होणं चुकलं, हे रतन टाटा यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. पहिली चारचाकी घेणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्यांनी आपली गाडी कौतुकाने पाहावी असं वाटत असतं, हे त्या आराखड्यात आलं नव्हतं.

टेस्लाने ऑगस्ट 2006 मध्ये जाहीर केलेला बेत याच्या नेमका उलट होता: आधी थोड्यांना महागडी स्पोर्ट्‌स कार, त्या पैशातून मधल्या किमतीची, मग सर्वांसाठी. पहिली रोडस्टर 2008 मध्ये आली, मॉडेल 3 ग्राहकांना मिळू लागली ती 2017 मध्ये. वेळ लागला, पण क्रम टिकला. महागड्या गाडीपासून सुरुवात केल्याने चुका थोड्या गिऱ्हाइकांवरच निभावल्या.

राहिला शेवटचा प्रकार, आणि आपल्याकडे तोच सर्वांत कमी लिहिला जातो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शेल या तेल कंपनीत पियेर वाक नावाचे फ्रेंच अधिकारी ‘असं झालं तर’ या पद्धतीचे आराखडे करत होते. तेल स्वस्तच राहणार हे सगळ्यांनी धरलेलं. वाक यांच्या गटाने व्यवस्थापकांना दुसरं चित्र दाखवलं: तेल उत्पादक देश पुरवठा आवळतील आणि भाव एकदम चढेल. भविष्य सांगता येत नाही, पण घडून गेलेल्या गोष्टींचे परिणाम दिसतात, असं ते म्हणत. गंगेच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस पडून गेला असेल तर काही दिवसांनी बनारसला पाणी चढणार, हा त्यांचा दाखला होता. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेलाचं पिंप जानेवारी 1974 पर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. शेलच्या व्यवस्थापकांनी या दिवसाचा विचार आधी करून ठेवलेला होता.

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना असा आराखडा किती गरजेचा आहे ते 2023 मध्ये दिसलं. इथेनॉलला प्रोत्साहन म्हणून केंद्राने व्याजसवलत दिली होती, त्या भरवशावर अनेक कारखान्यांनी कर्ज काढून आसवनी उभारली किंवा वाढवली. बँकेच्या अहवालात उसाच्या रसापासूनचं इथेनॉल दरवर्षी इतकं, असे सरळ आकडे मांडलेले. त्या वर्षी पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन गाळप चालू असताना, रसापासून इथेनॉल करायला केंद्राने मनाई केली. आठवडाभराने 17 लाख टन साखरेइतक्या मर्यादेत परवानगी मिळाली. पाऊस जून ते सप्टेंबर सर्वांच्या डोळ्यांसमोर कमी पडला होता, साखरेचा भाव चढला की सरकार हस्तक्षेप करतं हा अनुभवही जुनाच होता. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस पुढच्या वर्षासाठी ती मर्यादा उठवण्यात आली. तोवर 2023-24 चा हंगाम संपून काही महिने झाले होते आणि त्या हंगामातले आसवनीच्या कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या तारखांनाच भरायचे होते.