एकट्याची मोहीम, फाशांचा कौल

डिसेंबरात लीड्समध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. विद्यापीठातून वा कामावरून खोलीवर परतलेल्या माणसापुढे मग एक लांबलचक संध्याकाळ उभी राहते. वेळ असतो, सोबत नसते. अशा संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसणारे काही जण असतात. ते खेळतात तो खेळ मुळात एकट्याचा नाही, आणि त्यामुळेच तो समजून घेण्याजोगा आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एक पात्र वठवतो, एक सूत्रधार प्रसंग सांगतो आणि धोक्याच्या कृतीचा निकाल फासे देतात. टेबलाभोवती मंडळी जमवणे हीच यातली मोठी अडचण. ती गायगॅक्स यांनाही ठाऊक असावी, कारण १९७५ च्या वसंतात त्यांनी एकट्या खेळाडूसाठी भुयारे रचण्याचे तक्ते प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी ‘बफेलो कॅसल’ ही खास एकट्याने खेळायची साहसकथा आली.

लीड्सला हे जग परके नाही. ज्यांच्या कल्पनासृष्टीची छाप या खेळांवर उमटली, ते जे. आर. आर. टॉल्किन १९२० ते १९२५ या काळात लीड्स विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. खुनाचा छडा लावण्याचा ‘क्लुडो’ हा पटखेळ १९४९ मध्ये बाजारात आणणारी वॉडिंग्टन्स ही कंपनीही लीड्सचीच.

ब्रिटनमध्ये एकट्याच्या खेळाला घरोघरी नेले ते ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ या पुस्तकाने. स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांचे हे पुस्तक १९८२ मध्ये निघाले. त्यात क्रमांक घातलेले ४०० परिच्छेद आहेत. वाचक निर्णय घेतो, सांगितलेल्या परिच्छेदाकडे वळतो आणि लढाईचा निकाल दोन फाशांनी लावतो. मात्र येथे सर्व वाटा लेखकाने आधीच आखलेल्या असतात. एकदा गुपित कळले की डोंगर ओळखीचा होतो.

सूत्रधारही नाही आणि आखलेली वाटही नाही, असा खेळ कसा चालेल? उत्तर कोकणच्या माणसाला ओळखीचे वाटेल. देवाला फुले वा तांदूळ लावून उजवा कौल मिळतो की डावा, हे पाहण्याची प्रथा तेथे आहे. या खेळातही खेळाडू ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल असा प्रश्न विचारतो आणि फासा कौल देतो. २००३ मधील ‘मिथिक’ने या पद्धतीला शिस्त लावली. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती आणि परिस्थिती किती हाताबाहेर गेली आहे, या दोहोंवर तेथे उत्तर अवलंबून असते.

साधी रीत एकाच फाशाची आहे. एक पडल्यास ‘नाही, आणि शिवाय काही वाईट’. दोन म्हणजे ‘नाही’. तीन म्हणजे ‘नाही, पण’. चार म्हणजे ‘होय, पण’. पाच म्हणजे ‘होय’. सहा म्हणजे ‘होय, आणि शिवाय काही चांगले’. समजा, पत्र घेऊन निघालेला एक जासूद रात्री गडाच्या दरवाजाशी पोहोचला. तेथे पहारा आहे का? चार पडले: आहे, पण पहारेकरी पेंगुळला आहे. दिंडी उघडी आहे का? एक पडला: नाही, आणि ती ढकलताना झालेल्या आवाजाने पहारेकरी जागा झाला. आता जासुदाने काय करावे, हे खेळाडूनेच ठरवायचे. फासा केवळ दिशा देतो. तिचा अर्थ लावणे हाच खरा खेळ.

शॉन टॉमकिन यांच्या २०१८ मधील ‘आयर्नस्वॉर्न’चे नियम संगणकावर विनामूल्य मिळतात. त्यात सहा बाजूंच्या फाशाच्या दानात पात्राचा गुण मिळवतात आणि ती बेरीज दहा बाजूंच्या दोन फाशांशी ताडून पाहतात. दोन्हींपेक्षा जास्त भरली तर पूर्ण यश, एकापेक्षा जास्त भरली तर किंमत मोजून यश, एरवी संकट. या मधल्या निकालामुळे कथा अडत नाही आणि सोपीही होत नाही.

ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, यावरून त्या दुःखाची व्याप्ती कळते. हा खेळ त्यावरचा उपाय आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल. माणसांची जागा फासे घेऊ शकत नाहीत. तरीही एकाकीपण आणि एकांत यांत अंतर आहे, आणि ज्याच्याजवळ करण्याजोगे काही असते त्याला दुसऱ्याकडे वळणे सोपे जाते.

परदेशस्थ मराठी माणसासाठी यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. नियम इंग्रजीत असले तरी वहीत लिहिली जाणारी कथा खेळाडूची स्वतःची असते. दिवसभर इंग्रजीत वावरणारा माणूस रात्री प्रश्न विचारतो, भांडतो, घाबरतो, सुटतो, ते सारे मराठीत करू शकतो. पत्रे लिहिणे थांबले, घरी बोलणे पाच मिनिटांवर आले, की भाषेतले कितीतरी शब्द वापराविना पडून राहतात. अडसर, दिंडी, जासूद हे शब्द अशा वहीत पुन्हा कामाला लागतात.

सुरुवातीला लागते ते फार थोडे: एक फासा, एक वही, एक पात्र आणि त्याला तातडीने हवी असलेली एखादी गोष्ट. मग पहिला प्रश्न विचारावा आणि कौल घ्यावा.