पडद्यावरील नामावली

चित्रपटगृहातील दिवे मालवतात, संगीत सुरू होते आणि रुपेरी पडद्यावर एकामागून एक नावे उमटू लागतात. हीच श्रेयनामावली होय. पुष्कळ प्रेक्षक तेवढा वेळ आपली जागा शोधण्यात किंवा शेजाऱ्याशी बोलण्यात घालवितात. ही सवय मला तरी असभ्यपणाचीच वाटते. एके काळी अमेरिकेतील कित्येक चित्रपटगृहांत तर नावे संपेपर्यंत दर्शनी पडदाही बाजूला सारीत नसत.

१९५५ साली ऑटो प्रेमिंजर या दिग्दर्शकाने 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' हा चित्रपट काढला. त्याची श्रेयनामावली सॉल बास या कलावंताने रचिली. काळ्या पार्श्वभूमीवर काही पांढऱ्या पट्ट्या सरकत येतात, नावांच्या आसपास उभ्याआडव्या होतात आणि अखेरीस त्यांतून एक वेडावाकडा हात साकार होतो. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या माणसाची ही कथा. एकही पात्र दिसण्यापूर्वीच त्याची तडफड आपणांस जाणवते. या चित्रपटाच्या डब्यांवर, नावे सुरू होण्याआधीच दर्शनी पडदा उघडावा, अशी सूचना चिकटविलेली होती!

आपल्या देशात सत्यजित राय यांनी हे मर्म उत्तम जाणले होते. ते स्वतः चित्रकार व अक्षरांचे मोठे जाणकार. त्यांच्या 'चारुलता' (१९६४) या बंगाली चित्रपटात नावे उमटत असता चारू एका रुमालावर पतीच्या नावाचे आद्याक्षर भरीत असते. एक शब्दही उच्चारला जात नाही. परंतु संपन्न घरातील तिचा रिकामा वेळ आणि पतीविषयीची ओढ त्या टाक्यांतून कळते.

तथापि नामावलीचे मूळ काम श्रेय देण्याचे. श्रेय न दिल्यास काय घडते, याचे उदाहरण पाहा. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातील एका गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. गाणे होते लता मंगेशकर यांचे. ऐकणाऱ्याला ते कळावे कसे?

पुढे १९७० नंतरच्या काळात बहुतेक नावे चित्रपटाच्या शेवटी दाखविण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे जागा वाढली आणि सुतार, शिंपी, वाहनचालक यांचीही नोंद होऊ लागली. परंतु ती नावे वर सरकत असतात, तेव्हा दिवे लागलेले असतात आणि प्रेक्षक दाराशी पोहोचलेला असतो.