विश्लेषण : जिप्सीत नवे इंजिन बसवले, पण फ्युएल पंप कोणता? ऑफ-रोड गाडीसाठी ही निवड का महत्त्वाची?

जुन्या जिप्सीतील कार्ब्युरेटरचे इंजिन उतरवून त्या जागी एमपीएफआय इंजिन बसवणे ऑफ-रोडिंगच्या हौशी मंडळींना नवे नाही. माउंटिंग, गिअरबॉक्सची जुळणी, वायरिंग, ईसीयू यांवर महिनोन्महिने खल होतो. फ्युएल पंपाचा विचार मात्र सर्वात शेवटी आणि ‘बसवू एखादा बाहेरून’ एवढाच होतो. प्रत्यक्षात चढावर गाडी अचानक बंद पडणे, उन्हात तापल्यावर सुरू न होणे आणि सर्वात वाईट म्हणजे बॉनेटखाली आग लागणे, या तिन्हींचा संबंध याच भागाशी येऊ शकतो. योग्य पंप कसा निवडायचा आणि कुठे बसवायचा, हे समजून घेऊ.

जुना पंप का चालत नाही?

मारुती जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसीच्या इंजिनासह बाजारात आली. १९९६ मध्ये तिला १२९८ सीसीचे इंजिन मिळाले. ही दोन्ही इंजिने कार्ब्युरेटरची होती. २००० मध्ये त्याच क्षमतेचे, पण १६ व्हॉल्व्हचे सुमारे ८० बीएचपी ताकदीचे एमपीएफआय इंजिन आले. जी-१३-बीबी या नावाने ओळखले जाणारे हे इंजिन जुन्या जिप्सीत बसवण्याकडे अनेकांचा कल असतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनावरच एक यांत्रिक पंप असतो. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. कॅमशाफ्टच्या जोरावर त्यातील पडदा वर-खाली होतो आणि टाकीतले पेट्रोल खेचले जाते. कार्ब्युरेटरच्या वाटीत फ्लोट आणि सुई असते. वाटी भरली की सुई तोंड बंद करते. त्यामुळे तिथे ०.२ ते ०.३ बार इतका किरकोळ दाब पुरतो.

इंजेक्शनच्या इंजिनात वाटी नसते. इंजेक्टर काही मिलिसेकंदांपुरता उघडतो आणि तेवढ्यात पेट्रोलचा बारीक फवारा आत जावा लागतो. त्यासाठी या प्रकारच्या इंजिनांना साधारण २.५ ते ३ बार दाब लागतो, म्हणजे जुन्या पंपाच्या जवळपास दहापट. जुना पंप ठेवला तर इंजिन सुरूच होणार नाही. उलट चूक अधिक धोकादायक ठरते. कार्ब्युरेटर तसाच ठेवून इंजेक्शनचा पंप जोडला, तर सुई तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल वाटीतून ओसंडून तापलेल्या इंजिनावर सांडते.

किती पेट्रोल लागते?

पंपाचे दोन आकडे बघायचे असतात. एक दाब आणि दुसरा प्रवाह, म्हणजे तासाला किती लिटर. प्रवाहाचा हिशेब सोपा आहे. फुल रेसवर पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला ढोबळमानाने ०.५ पौंड, म्हणजे २२७ ग्रॅम पेट्रोल जाळते. ८० अश्वशक्तीसाठी हे सुमारे १८ किलो होतात. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम धरले तर तासाला २४ ते २५ लिटर. त्यावर ३० टक्के राखीव धरले तरी ३२ लिटर पुरतात.

हाच हिशेब तीनशे अश्वशक्तीच्या व्ही-८ इंजिनाला लावला तर आकडा तासाला ९२ लिटरवर जातो आणि राखीव धरून १२० वर. परदेशातील जीपमध्ये अशी इंजिने बसवली जातात. त्यांच्यासाठी सुचवलेला पंप जिप्सीला लागू पडत नाही, तो यामुळेच.

पंपाच्या खोक्यावरील आकडा कोणत्या दाबाला आहे, हेही तपासायला हवे. दाब वाढला की प्रवाह कमी होतो. मोकळ्या तोंडाने १०० लिटर देणारा पंप ३ बारला बराच कमी देतो. कामाचा आकडा असतो तो ३ बारचा.

मोठा पंप म्हणजे चांगला पंप?

तासाला २५५ लिटरचा पंप ऑनलाइन सहज मिळतो आणि ‘पुढे टर्बो लावायचा झाला तर’ म्हणून अनेक जण तोच घेतात. जिप्सीच्या इंजिनाला फुल रेसवरही २५ लिटर लागतात. उरलेले २३० लिटर रेग्युलेटरमधून टाकीत परत जातात. आयडलिंगवर तर जवळपास सगळेच परत येते. इंजिनाजवळून तापून आलेले पेट्रोल सतत टाकीत मिसळत राहते आणि टाकीतील पेट्रोल गरम होते. घाटात पहिल्या गिअरमध्ये तासभर रेंगाळणाऱ्या गाडीसाठी ही परिस्थिती अजिबात चांगली नाही.

दुसरी अडचण परतीच्या नळीची. जुन्या गाडीत ती असली तरी बारीक असते. एवढा प्रवाह तिच्यातून गेला नाही तर रेग्युलेटरच्या मागे दाब साचतो, रेलमधील दाब ठरल्यापेक्षा वाढतो आणि इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागते. दोष मग इंजेक्टर किंवा सेन्सरवर ढकलला जातो. शिवाय मोठा पंप ७-८ अँपिअर किंवा त्याहून अधिक करंट ओढतो. त्यामुळे इंजिन ज्या गाडीतून आले, त्याच गाडीचा मूळ पंप हा बहुतेक वेळा सर्वात शहाणा पर्याय असतो.

पंप टाकीत की टाकीबाहेर?

इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात तरबेज आणि खेचण्यात कच्चा असतो. नळीतून पेट्रोल खेचले की तिथला दाब घटतो. दाब घटला की गरम पेट्रोलची वाफ लवकर होते आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ फिरवत बसतो. मेकॅनिक यालाच ‘एअर लॉक झाला’ म्हणतात. पंप टाकीत बुडालेला असेल तर खेचण्याचा प्रश्नच उरत नाही. भोवतालचे पेट्रोल त्याला थंड ठेवते आणि आवाजही कमी येतो. म्हणून शक्य असेल तर एमपीएफआय जिप्सीची टाकी पंपासह बसवणे हा पहिला पर्याय.

ते जमत नसेल तर पंप बाहेर चॅसिसवर बसवता येतो. मात्र तो टाकीच्या अगदी जवळ आणि टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली हवा, म्हणजे पेट्रोल आपोआप त्याच्याकडे उतरते. ऑफ-रोड गाडीत खाली बसवणे म्हणजे दगडांच्या तोंडी देणे. त्यामुळे चॅसिसच्या आतल्या बाजूला, लोखंडी पत्र्याच्या आडोशाला आणि सायलेन्सरच्या पाइपपासून दूर अशी जागा शोधावी लागते. पंपाआधी जाळीचा फिल्टर आणि पंपानंतर इंजेक्शनच्या दाबाचा बारीक फिल्टर, हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

चढावर पेट्रोल का तुटते?

रस्त्यावर उत्तम चालणारी गाडी ट्रेलवर दगा देते, ती इथे. टाकी पाव भरलेली असताना गाडी तीव्र चढावर उभी राहिली किंवा एका कुशीवर कलली की पेट्रोल एका कोपऱ्यात जाते आणि नळीचे तोंड उघडे पडते. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडा साठा असायचा. इंजेक्शनच्या इंजिनाला तेवढीही सवलत नाही. हवा आली की गाडी मिसिंग मारते आणि बंद पडते. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असेल तर इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा पाय दाबताच तो संपतो. निसरड्या चढावर मागे घरंगळणाऱ्या गाडीत बसलेल्यांसाठी हा मोठा धोका आहे.

यावर उपाय म्हणजे सर्ज टँक. एक लहान, कमी दाबाचा पंप मुख्य टाकीतून एक-दोन लिटरच्या उभ्या डब्यात पेट्रोल आणतो. त्या डब्याच्या तळातून जास्त दाबाचा पंप इंजिनाला पुरवठा करतो. वरच्या तोंडातून जादा पेट्रोल मुख्य टाकीत परत जाते. मुख्य टाकीकडून काही क्षण हवा आली तरी डबा भरलेला असतो.

इथे कळीचा मुद्दा आहे, रेलमधून परतणारी नळी कुठे जोडायची? ती सर्ज टँकमध्येच हवी. तसे केले तर डब्यातून फक्त जळते तेवढेच पेट्रोल कमी होते. तासाला २५ लिटरच्या हिशेबाने एक लिटर जवळपास १४४ सेकंद पुरते. तीच नळी मुख्य टाकीत सोडली आणि पंप २५५ लिटरचा असला, तर तो डबा १४ सेकंदांत रिकामा होतो. डबा तोच, पंप तोच, फरक फक्त एका नळीचा.

नळ्या, क्लिपा आणि इथेनॉलचे काय?

कार्ब्युरेटरसाठीची रबरी नळी ३ बारला काही दिवस टिकतेही, मग फुगते आणि फाटते. दाबाखालील पेट्रोल ठिबकत नाही, फवाऱ्यासारखे उडते. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. इंजेक्शनसाठीच्या नळीवर ‘एसएई ३०-आर-९’ असा छाप असतो, ती घ्यावी. टाकीच्या आत बुडणारी नळी वेगळी, ‘३०-आर-१०’ दर्जाची लागते. दातेरी पट्टीच्या नेहमीच्या क्लिपा रबर कापतात. त्याऐवजी गोल, सलग पट्टीच्या क्लिपा वापराव्यात.

आता देशभर २० टक्के इथेनॉल मिश्रित ई-२० पेट्रोल मिळते. जुने रबर आणि गॅस्केट त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या टाकीत गंज असेल तर तो सुटून फिल्टरमध्ये येतो. पंप बदलताना टाकी साफ करणे किंवा बदलणे यामुळेच टाळता येत नाही.

थेट स्विच लावून पंप चालवला तर?

चालतो, पण हाच सर्वात धोकादायक जुगाड आहे. कंपनीच्या रचनेत चावी फिरवल्यावर ईसीयू पंप दोनेक सेकंद चालवतो आणि इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला तरच पुढे सुरू ठेवतो. इंजिन थांबले की पंप थांबतो. डॅशबोर्डवरच्या स्विचने चालणारा पंप गाडी उलटल्यावर आणि नळी तुटल्यावरही पेट्रोल फेकत राहतो. त्यामुळे पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात हवा, बॅटरीजवळ फ्यूज हवा आणि धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच जोडावा. टाकीच्या हवेच्या नळीत रोलओव्हर व्हॉल्व्हही हवा, नाहीतर उलटलेल्या गाडीतून पेट्रोल त्या वाटेने गळते. पंपाची वायर आणि अर्थिंग जाड असावे. पंपाच्या टोकाशी बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक घट असेल, तर चांगला पंपही अर्धपोटी काम करतो.

परवानगी लागते का?

लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली आहे. इंजिन क्रमांक प्रमाणपत्रावर असतो. त्यामुळे इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओत चौकशी करावी. नोंद न केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी काय तपासाल?

काम उघड्यावर करा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. रेलवर दाबमापक जोडून इंजिन बंद असताना पंप चालवा. मॅन्युअलमधील आकडा दिसायला हवा आणि पंप थांबवल्यावर काटा लगेच शून्यावर येता कामा नये. मग परतीची नळी मापाच्या भांड्यात सोडून पंप ३० सेकंद चालवा. तासाला ३२ लिटरच्या हिशेबाने किमान २७० मिलिलिटर पेट्रोल जमायला हवे. चांगला मूळ पंप याहून बरेच अधिक देतो. त्यानंतर प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून ओल येते का पाहा. शेवटी टाकी पाव भरलेली ठेवून मोकळ्या, सुरक्षित चढावर गाडी दोन-तीन मिनिटे आयडलिंगवर उभी करा. इथे मिसिंग आली तर ट्रेलवर जाण्याआधी सर्ज टँकच्या नळ्या पुन्हा तपासा.