वजन आणि कस

सराफी पेढीवर दागिना केवळ वजनावर कोणी घेत नाही. त्यात सोने किती आणि मिसळ किती, हे कस लावल्यावाचून कळत नाही. स्वतःच्या देहाबाबत मात्र व्यवहारकुशल माणूसही हा नियम विसरतो. आरशात सडपातळ दिसणारा गृहस्थ स्वतःला निरोगी समजतो. त्याच घरातील महाविद्यालयीन कन्या, वजन योग्य असूनही, स्वतःला स्थूल मानून अर्धपोटी उठते.

२००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची व वजन यांच्या गणितातून निघणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३ होता. तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळली. तराजूने दोघांना समान ठरवले, कसोटीने नाही.

या भेदाची मुळे जन्मापूर्वीच रुजतात. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो भरले. ही तूट मुख्यत्वे स्नायूंची व पोटातील अवयवांची होती. चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे गादीवर बसून दिवस सरला, फरसाण आणि मिठाई यांची भर पडली, की ही चरबी पोटात व यकृताभोवती साठते आणि मधुमेह शांतपणे घरात शिरतो. देह बारीक असल्याने तपासणीचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

यावर साधे माप म्हणजे कापडदुकानातील टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरची मर्यादा ओलांडली, तर वजन कितीही असो, रक्तातील साखर तपासून घेणे हिताचे.

चौविहार आणि ऊनोदरी यांची परंपरा लाभलेल्या घरांना संयम नवा नाही. परंतु देहाच्या तिटकाऱ्याने उपाशी राहणे ही ऊनोदरी नव्हे. तशा उपासाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्या कन्येला पोटभर सात्त्विक आहार, मूग-मटकीसारखी कडधान्ये आणि आईचा समजुतीचा शब्द हवा. तिच्या पित्याला पेढीपर्यंतची पायपीट व स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. मधुमेहाची औषधे सुरू असणाऱ्यांनी पर्युषणातील उपवासापूर्वी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

वस्तू जशी आहे तशी पाहणे, ही सम्यक् दृष्टीची शिकवण आहे. धर्मसाधनेचे साधन असलेल्या या देहाकडेही त्याच दृष्टीने, मोह आणि तिरस्कार दोन्ही बाजूला ठेवून पाहिले पाहिजे.