पाण्याला वाट आधी, घराला पाया नंतर

कॅडेट मित्रहो, शिबिरात तंबू ठोकून झाला की उस्ताद लगेच सांगतात, "आता भोवती चर खणा." दमलेल्या कॅडेटला ते फुकटचे काम वाटते. रात्री पाऊस आला की ज्याने चर खणला तो झोपतो आणि ज्याने अंगचोरी केली तो ओली वळकटी घेऊन उभा राहतो. घर बांधतानाही धडा हाच असतो. मात्र तंबू सकाळी हलवता येतो, घर हलवता येत नाही. निवृत्तीनंतर गावाकडच्या जमिनीवर घर बांधण्याचा विचार असलेल्या पालकांनीही हा विषय समजून घ्यावा.

फरीदाबादचा उतार

दिल्लीला दक्षिणेकडून लागून असलेले फरीदाबाद हा या विषयाचा उघडा नकाशाच आहे. पश्चिमेला अरवलीचे खडकाळ डोंगर, पूर्वेला यमुना आणि मधे गाळाची, दिसायला सपाट जमीन. ती सपाट दिसली तरी तिचा कल नदीकडे आहे. जुन्या लोकांनी तो ओळखला होता. दहाव्या शतकातील सूरजकुंडात डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणी साठवले जाई. जवळच अनंगपूरला तोमर राजांच्या काळातील दगडी बांध आजही पाहायला मिळतो.

पुढे या उतारावर उत्तर-दक्षिण जाणारी बांधकामे आडवी आली: मथुरा रोड, रेल्वेमार्ग आणि १८७४ साली सुरू झालेला आग्रा कालवा. कालव्यापलीकडच्या भागाला तिथे 'नहरपार' म्हणतात. तिथल्या शेतांत आता उंच इमारती उभ्या आहेत. पूर्वेकडे निघालेल्या पाण्याला भराव आडवा आला की पाणी तिथेच तुंबते. सखल भागाचा धोका जुलै २०२३ मध्ये सर्वांनी पाहिला. दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेने २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली आणि फरीदाबादच्या नदीकाठच्या गावांतही पाणी शिरले.

आधी मोजणी

जमीन डोळ्यांना फसवते, म्हणून आधी मोजावी. डंपी लेव्हल नसली तरी गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. दोन खुंट्यांपाशी नळीची दोन टोके उभी धरा. हवेचा बुडबुडा राहिला नसेल, तर दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत येते. पहिल्या खुंटीपाशी जमिनीपासून पाण्यापर्यंत ११० सेंमी भरले आणि दुसरीपाशी १४० सेंमी, तर दुसरी जागा ३० सेंमी सखल आहे. अंतर ३० मीटर असेल, तर उतार शंभरास एक. लांब नळी नसेल, तर टप्प्याटप्प्याने मोजा. अशा नोंदी जागेवर चौकटीने घेऊन समान उंचीचे बिंदू जोडले की समोच्च रेषा मिळतात. नकाशावाचनात शिकलेल्या त्याच या रेषा.

मग पाण्याचा हिशेब करा. दहा गुंठ्यांवर ५० मिमी पाऊस पडला, तर सुमारे ५० हजार लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. काही मुरेल, उरलेले वाट शोधेल. ती वाट आपण आखायची.

माती हलवताना

वरची वीतभर सुपीक माती आधी काढून बाजूला ठेवा. तिच्यात मुळे आणि कुजणारा पालापाचोळा असतो. ती भरावाखाली राहिली तर पुढे जमीन खचते, बागेत पसरली तर सोने होते. मग उंचवटा कापून त्याची माती खोलगट भागात भरावी. खणलेली माती सैल होऊन फुगते, म्हणून ढीग पाहून "भराव पुरला" असे समजू नये.

भराव एकदम टाकू नये. १५ ते २० सेंमीचा थर, बेताचे पाणी, मग रोलर किंवा धुमस, त्यानंतर पुढचा थर. माती फार कोरडी असली तर दबत नाही, फार ओली असली तर लिबलिबते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हाताला चिखल लागू नये, इतपत ओल हवी. फरीदाबादची गाळमाती वाहत्या पाण्याने धुपते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तिच्यावर बांधताना जोत्याखाली मुरूम भरतात.

जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंमी उंच ठेवावे. भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये सुमारे १५ सेंमी उतार द्यावा, म्हणजे पायाशी पाणी थांबत नाही.

शेजाऱ्याचे पाणी

खरी कसोटी पुढे आहे. आपले पाणी बाहेर काढणे सोपे, पण ते जाते कुठे? प्रत्येक जण आपली जागा शेजाऱ्यापेक्षा हातभर उंच करू लागला, तर शेवटी सर्वांत जुने आणि सर्वांत गरीब घर पाण्यात बसते. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू देण्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मान्य केला आहे. म्हणून वरून येणारे पाणी भिंत घालून अडवू नये. आपले पाणीही एका पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या दारात सोडू नये. ते चरातून ओढ्यापर्यंत किंवा शोषखड्ड्यापर्यंत न्यावे.

उलटी चूकही महाग पडते. फरीदाबादचा बडखल तलाव १९४७ साली बांध घालून तयार झाला. पुढे अरवलीतील खाणींनी पाण्याच्या वाटा तोडल्या आणि तलाव कोरडा पडला. उतार वर तुटला की खालचे पाणी संपते.

या सुट्टीत घरी गेलात की पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहा. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुणाच्या दारात जाते ते पाहा आणि वहीत रेखाटन करा. पुढे घर बांधायची वेळ येईल तेव्हा ती वही जेसीबीवाल्याला दाखवा.