घामाची साक्ष

लहान मूल वरचेवर खोकतें, खातें पुष्कळ पण अंगीं लागत नाहीं, ही तक्रार ज्या घरांत कधींच ऐकूं आली नाहीं असें घर आपल्याकडे विरळाच. कोणी म्हणतें दांत येताहेत, कोणी म्हणतें दृष्ट लागली, कोणी जंतांचें औषध सुचवितें. आणि पुष्कळशीं मुलें या सर्व उपचारांना न जुमानतां आपोआप सुधारतातहि. त्यामुळें ज्या थोड्या मुलांच्या बाबतींत या साध्या तक्रारीमागें एखादा जन्मजात रोग दडलेला असतो, तीं मुलें गर्दींत हरवल्यासारखीं होतात. अशा एका रोगाविषयीं, विशेषतः त्याचें बिनचूक निदान कसें करून घ्यावें याविषयीं, आज बोलण्याचें योजिलें आहे. त्या रोगाचें नांव सिस्टिक फायब्रोसिस. त्याला सुटसुटीत मराठी नांव अद्यापि रूढ झालेलें नाहीं. आणि ज्याला आपल्या भाषेंत नांव नाहीं तो रोग आपल्याकडे नाहींच, अशी समजूत नकळत होऊन बसते. ती किती महागांत पडते तें पुढें दिसेलच.

प्रथम रोगाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. फुप्फुसांतील नळ्या, स्वादुपिंड, आंतडीं व घर्मग्रंथि यांच्या अस्तरांत ज्या पेशी असतात, त्यांना क्षारांची ने-आण करण्यासाठीं सूक्ष्म दारें असतात. त्यांपैकीं क्लोराइडची ये-जा करविणारें एक दार सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या आज्ञेनें घडतें. या जनुकाची एक प्रत आपणांस आईकडून व एक वडिलांकडून मिळते. दोन्ही प्रती सदोष असल्या म्हणजे तें दार घडतच नाहीं, किंवा घडून उघडत नाहीं. मग फुप्फुसांतील पातळ स्राव डिंकासारखा चिकट होतो, त्यांत जंतु ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबून पाचक रस आंतड्यांत पोंचत नाहीं, आणि स्निग्ध पदार्थ न पचतां तेलकट, दुर्गंधी शौचावाटे निघून जातात. मूल अधाशासारखें खातें आणि तरीहि सुकत जातें तें यामुळें. घर्मग्रंथींत मात्र हें दार उलट्या दिशेनें काम करतें: घामांतील मीठ परत शरीरांत ओढून घेणें हें तेथें त्याचें काम. तें बंद पडलें कीं मीठ घामावाटे वाहून जातें. लेंकराच्या कपाळाचें चुंबन घेतांना खारट चव लागली तर तें मूल जगणार नाहीं, अशी समजूत युरोपांत जुन्या काळापासून होती. तिचा उगम येथें आहे.

या रोगाचा शोध कसा लागला ती हकीकतहि निदानाच्याच दृष्टीनें मोठी बोधक आहे. न्यूयॉर्कच्या मुलांच्या रुग्णालयांत डोरोथी अँडरसन या विदुषी शवचिकित्सेचें काम करीत. सीलिअ‍ॅक रोगानें, म्हणजे गव्हातील द्रव्य न सोसल्यामुळें होणाऱ्या रोगानें, गेलें असें ज्यांच्या कागदावर लिहिलेलें होतें, अशा कांहीं मुलांचें स्वादुपिंड त्यांना गांठींनीं व तंतूंनीं भरलेलें आढळलें. १९३८ सालीं त्यांनीं हा वेगळाच रोग असल्याचें प्रसिद्ध केलें. म्हणजे या रोगाचा इतिहासच मुळीं चुकीच्या निदानापासून सुरू होतो. पुढें १९४८ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कमध्यें उष्णतेची मोठी लाट आली आणि उष्माघातानें रुग्णालयांत आलेल्या मुलांत हीं मुलें पुन्हा पुन्हा दिसूं लागलीं. तेवढ्यावरून पॉल डी सांताग्नेसे यांनीं त्यांचा घाम तपासला, व तो विलक्षण खारट असल्याचें १९५३ सालीं जाहीर केलें. १९५९ मध्यें गिब्सन व कुक यांनीं त्या घामाची निर्वेध परीक्षा करण्याची पद्धति घालून दिली. तीच मूलतः आजहि वापरांत आहे. जनुक सांपडलें तें १९८९ सालीं.

आपल्याकडे मात्र हा गोऱ्या लोकांचा रोग होय असें दीर्घकाळ मानलें गेलें. १९६० नंतरच्या दशकांत येथील वैद्यकीय नियतकालिकांतून त्याच्या नोंदी येऊं लागल्या, दिल्ली व वेल्लोर येथील तज्ज्ञांनीं पुढें पुष्कळ काम केलें, तरीहि समजूत पुरती गेली नाहीं. सतत खोकणाऱ्या, वजन न भरणाऱ्या भारतीय मुलाला प्रथम क्षय म्हणावें, मग दमा म्हणावें, असा आमचा वैद्यांचा शिरस्ता. क्षय आपल्याकडे खरोखरच पुष्कळ आहे, म्हणून प्रथम त्याचा विचार करण्यांत चूक नाहीं; चूक आहे ती औषध लागू पडत नसतांहि तोच विचार धरून बसण्यांत.

मींहि ही चूक केलेली आहे. अकोल्याकडील एक कुटुंब सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आलें. खोकला व छातींत घरघर. मीं दम्याचें औषध दिलें आणि दोन महिने तेंच चालविलें. गुण नव्हता. एके दिवशीं आईबरोबर आजी आली. मी छाती तपासीत असतां ती सहज म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हिचा मुका घेतला कीं ओठांना मीठ लागतं. हिच्या भावाचंहि असंच होतं.” भाऊ? हा भाऊ माझ्या कागदांत कोठेंच नव्हता, कारण मीं विचारलेंच नव्हतें. तो पांच महिन्यांचा असतांना वैशाखांत गेला होता. “ऊन लागलं” एवढेंच घरांत सर्वांना ठाऊक. परंतु आईनें त्याचा रुग्णालयांतील कागद ट्रंकेंत जपून ठेविला होता. तो तिनें दुसऱ्या खेपेस आणला. त्यावर रक्तांतील सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड हीं तिन्ही फार खालीं गेलेलीं, आणि रक्त अल्कधर्मी झालेलें अशी नोंद होती. जुलाबांनीं मूल सुकलें तर रक्त बहुधा आम्लाकडे झुकतें. येथें तें उलट होतें. उन्हाळ्यांत, फारसे जुलाब-वांती न होतां, तान्ह्या मुलाचें रक्त असें झालें तर घामाची परीक्षा केलीच पाहिजे. अंगावरच्या दुधांत मीठ अत्यल्प असतें, आणि विदर्भांतील उन्हांत अशा मुलाच्या घामावाटे तें किती जात असेल याचा अंदाज श्रोत्यांनींच करावा. तो कागद त्या दिवशीं कोणीतरी नीट वाचला असता तर, हा विचार मला अजून सोडीत नाहीं.

असो. मुलीची घामाची परीक्षा एका मोठ्या शहरांत करविली. उत्तर आलें, २६, नॉर्मल. घरच्यांना आनंद झाला, मलाहि क्षणभर झाला. परंतु चिठ्ठी पुन्हा पाहतां घाम किती जमला होता याचा तीवर उल्लेख नव्हता. आणि मुलीचे पाय सुजलेले होते हें मीच परीक्षेपूर्वीं लक्षांत घ्यावयास हवें होतें. अन्न न पचल्यामुळें रक्तांतील प्रथिनें उतरलीं व अंगावर सूज चढली म्हणजे घामांतील क्लोराइडचा आंकडा फसवा, खालचा येऊं शकतो. शौचांतील इलॅस्टेज नांवाचें पाचक द्रव्य तपासलें तें नगण्य निघालें. म्हणजे स्वादुपिंड काम करीत नव्हतें. जेवणाबरोबर पाचक द्रव्यांची भुकटी सुरू केली, कांहीं आठवड्यांत सूज उतरली, आणि मग परीक्षा पुन्हा केली. एका हाताचा आंकडा ९६, दुसऱ्याचा १०१.

ही परीक्षा कशी करतात हें आईबापांनीं समजून घेतलें पाहिजे, कारण ती दिसावयास सोपी आणि करावयास नाजूक आहे. हाताच्या आंतील बाजूस पायलोकार्पिन या औषधाची चकती ठेवून पांच मिनिटें अगदीं सौम्य विद्युत्प्रवाह सोडतात. थोडें चुणचुणतें, सुई टोंचावी लागत नाहीं. मग त्या जागीं अर्धा तास घाम गोळा करतात व त्यांतील क्लोराइड मोजतात. दर लिटरमागें ६० मिलिमोल किंवा अधिक आलें तर रोगाचें निदान होतें. ३० च्या खालीं आलें तर रोग असण्याचा संभव फार कमी. मधल्या आंकड्यांनीं कांहींच ठरत नाहीं, पुढची तपासणी करावी लागते. मूल दोन आठवड्यांहून मोठें व दोन किलोहून अधिक वजनाचें असावें, तापानें वा जुलाबानें सुकलेलें नसावें, त्याच्या अंगावर सूज नसावी. बारीक नळींत घाम गोळा करीत असतील तर निदान १५ मायक्रोलिटर, आणि कापडावर वा गाळण कागदावर घेत असतील तर निदान ७५ मिलिग्रॅम घाम जमला पाहिजे. त्याहून कमी जमला तर उत्तर ‘नॉर्मल’ नव्हे, ‘परीक्षा झाली नाहीं’ असें समजावें. यासाठीं महागडें परदेशी यंत्रच हवें असेंहि नाहीं. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील तज्ज्ञांनीं घाम गोळा करण्याची एतद्देशीय पद्धति २००२ सालीं प्रसिद्ध केली आहे.

येथें एका गोष्टीवर मला जरा थांबलें पाहिजे, कारण तिच्यामुळें किती घरांत विनाकारण रडारड होते व किती घरांत खोटी निश्चिंति येते हें मीं पाहिलें आहे. पुष्कळ ठिकाणीं क्लोराइड न मोजतां घामाची विद्युत्‌वाहकता मोजतात. तें काम झटपट होतें. परंतु त्यांत सर्वच क्षारांचा हिशेब येत असल्यामुळें आंकडा क्लोराइडपेक्षां बराच वर असतो. हा आंकडा वर सांगितलेल्या ६० च्या मापानें वाचला तर निरोगी मूलहि रोगी ठरावयाचें. वाहकता ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. तेव्हां चिठ्ठी हातांत पडतांच विचारावें: मोजलें काय, क्लोराइड कीं वाहकता? घाम किती जमला? दोन्ही हातांचा घेतला का? हे तीन प्रश्न विचारल्यानें कोणाहि सुज्ञ वैद्याला राग येत नाहीं.

परीक्षा कोणाची करावी? घामाची चव घेऊन निर्णय करूं नये. घाम सर्वांचाच खारट असतो. जन्मतः काळा मळ आंतड्यांत अडकून शस्त्रक्रिया करावी लागलेलें मूल. वारंवार न्युमोनिया होणारें, ज्याच्या थुंकींत स्यूडोमोनस हा जंतु पुन्हा पुन्हा सांपडतो असें मूल. बोटांचीं टोकें गोल फुगलेलीं, नाकांत मांसांकुर वाढलेले, किंवा शौचाच्या वेळीं गुदाचा भाग बाहेर येणारें मूल: यांच्या बाबतींत वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. तसेंच ज्या घरांत आधींचें भावंड असें संशयास्पद रीतीनें गेलें आहे, तेथेंहि. मात्र क्षयाचें किंवा दुसरें कोणतेंहि औषध चालूं असेल तर तें आपल्याच मनानें बंद करूं नये. परदेशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या अपत्यांची जन्मानंतर टांचेच्या रक्तावर चांचणी होते. ब्रिटनमध्यें ती २००७ पासून आणि अमेरिकेच्या सर्व संस्थानांत २०१० पासून सुरू आहे. परंतु ती केवळ सूचना असते, निदान घामाचेंच.

आतां जनुकपरीक्षेविषयीं. या एका जनुकांत २००० हून अधिक प्रकारचे फरक आढळले आहेत. युरोपीय वंशाच्या रुग्णांत त्यांपैकीं एकच फरक बहुसंख्य असतो. भारतीय रुग्णांत त्याचें प्रमाण बरेंच कमी आढळतें. म्हणून परदेशांतील रुग्णांवरून तयार केलेली ठराविक फरकांची यादी तपासून ‘दोष नाहीं’ असें उत्तर आलें, तरी आपल्या मुलापुरतें तें उत्तर अपुरें समजावें. आमच्या या मुलीचें तसेंच झालें. यादींत कांहीं सांपडलें नाहीं. संपूर्ण जनुक वाचून पाहतां एक विरळ दोष दोन्ही प्रतींत सांपडला, आणि तोच आईच्या एका प्रतींत व वडिलांच्या एका प्रतींतहि निघाला. तीं दोघें आतेभाऊ व मामेबहीण. मामाची मुलगी करण्याची आपली चाल जुनी आहे. एकाच आजोबांचा दोष दोन्हीकडून येऊन मिळण्याचा संभव तीमुळें वाढतो. परंतु हा रोग नात्यांत लग्न न झालेल्या घरांतहि होतो. आणि दोष एकटीच्या सुनेचा नव्हे, हें त्या घरांत मला तीनदां सांगावें लागलें. एक प्रत सदोष असलेला माणूस स्वतः निरोगी असतो. दोघेहि असे असले तर प्रत्येक गर्भाच्या वेळीं चारांत एक इतका धोका असतो.

निदान झाल्यानें रोग जात नाहीं, मग एवढा खटाटोप कशाला, असें त्या मुलीच्या काकांनीं विचारलें होतें. जेवणाबरोबर पाचक द्रव्यें, भरपूर तुपातेलाचा आहार, उन्हाळ्यांत मोजून दिलेलें जादा मीठ, रोज छाती मोकळी करण्याचा व्यायाम, आणि जंतु ओळखून वेळीं दिलेलें औषध, एवढ्यानें मुलाचें वजन भरतें व फुप्फुसें पुष्कळ काळ टिकतात. २०१२ सालापासून तें बंद दारच उघडण्यास मदत करणारीं औषधें निघालीं, व २०१९ मधील तिहेरी औषधानें पुष्कळ रुग्णांचें जीवन पालटून गेलें. परंतु तीं औषधें जनुकांतील दोष कोणता यावर अवलंबून असतात, म्हणून तो दोष नांवानिशीं माहीत असावा लागतो. आपल्याकडील सामान्य कुटुंबाला त्यांची किंमत झेपणारी नाहीं, हें मात्र खरें.

ती मुलगी आतां शाळेंत जाते. तिच्या डब्यांत जेवणाबरोबर घ्यावयाची गोळी असते आणि चैत्र लागला कीं आजी मिठाचें पाणी स्वतः मोजून देते. गेल्या वर्षीं तिला भाऊ झाला. आईनें सोळाव्या दिवशींच त्याला परीक्षेसाठीं आणलें, आणि चिठ्ठी मिळतांच मी विचारण्यापूर्वीं तिनेंच तपासनिसाला विचारलें कीं मोजलें तें क्लोराइडच ना, आणि घाम किती जमला. घाम पुरेसा होता. एका हाताचें क्लोराइड १४, दुसऱ्याचें १२.